उरेबात पंचावन्न

मास्तरांना पाठीमागे सगळे 'अर्धा इंच' म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोची. नाव उगाच पडलं नव्हतं. शर्ट असो, पँट असो, शाळकरी मुलीचा फ्रॉक असो, शिवणीच्या आत अर्धा इंच कापड जास्तीचं ठेवल्याशिवाय मास्तर कात्री चालवत नसत. "माणूस वाढतो," ते म्हणत. "आज नाही तर उद्या. तेव्हा कापड कुठून आणणार?" गिऱ्हाइकं हसायची. दोन वर्षांनी पोट सुटलं की तीच गिऱ्हाइकं मुकाट्याने शर्ट घेऊन यायची, आणि मास्तर एक शब्दही न बोलता आतला अर्धा इंच मोकळा करून द्यायचे. न बोलण्यातही त्यांचा तोरा दिसायचाच.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरताच. पण नवरा मास्तर म्हटल्यावर चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली त्यांची बायको गल्लीची मास्तरीणबाई झाली, आणि सुरुवातीला लाजून, मग सवयीने, त्या नावाला ओ देऊ लागली. एक्केचाळीस वर्षं दोघं एकाच खोलीत काम करत होती. घराची पुढची खोली हेच दुकान. मधोमध कापडं बेतायचं लांब टेबल, दोन मशीनं, खिडकीखाली मास्तरीणबाईंची बुटकी खुर्ची, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर, कपाट आणि दार यांच्या मध्ये, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचा मोठा आरसा. कापणं आणि मशीन मास्तरांचं. काजं, बटणं, तुरपाई आणि गळ्याच्या पट्ट्या बाईंच्या.

आता खरं सांगायचं तर मास्तर हेकट होते. माप एकदाच घ्यायचे. दुसऱ्यांदा टेप लावायचा म्हणजे पहिल्यांदा लक्ष नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. "सरळ उभे राहा. श्वास सोडा. हलू नका." एवढी तीन वाक्यं बोलायची आणि भराभर टेप फिरवायचा. मापात आपण चुकलो असं त्यांनी जन्मात कबूल केलं नव्हतं, कारण ते चुकलेच नव्हते. अशा माणसाबरोबर संसार करणं किती अवघड, ते मास्तरीणबाईंनाच विचारावं. त्या म्हणत, "चुकत नाही ना, तोच ह्यांचा दोष."

त्यांची एकुलती मुलगी लग्न करून लांब गेली होती. विमानाने एक अख्खा दिवस जावा एवढी लांब. तिला सहा वर्षांची मुलगी. दर रविवारी दुपारी फोनवर व्हिडिओ कॉल व्हायचा. मास्तर इस्त्री उभी करून तिला फोन टेकवायचे, दोघं शेजारी शेजारी बसायची, आणि तिकडून नात नाचायची, चित्रं दाखवायची, रुसायची, फोनच घेऊन पळायची. मास्तरीणबाई सगळ्याला "छान गं" म्हणायच्या. अलीकडे जरा जास्तच म्हणायच्या, पण मास्तरांना ते खटकलं नव्हतं.

एका रविवारी नातीने फोन जवळ धरला आणि ईऽऽ करून तोंड वासलं.

"आजी, बघ!"

"अगंबाई," मास्तरीणबाई म्हणाल्या, "मोत्यासारखे दात आहेत गं माझ्या बाळाचे!"

नातीने तोंड आणखी वासलं. मग म्हणाली, "आजी, पडले ना दात! पुढचे दोन पडले!"

तिकडे मुलगी हसली. आईने चेष्टा केली असं तिला वाटलं. मास्तरीणबाईही हसल्या, घाईघाईने आणि नको इतक्या मोठ्याने. मास्तर हसले नाहीत. फोनच्या पडद्यावर नातीच्या तोंडात चांगली खिडकी दिसत होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. हा विचार मनात आला आणि त्यांनी वळून बायकोकडे बघितलं.

कॉल संपल्यावर ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"माझ्याकडे बघ."

"बघतेय की."

"काय दिसतंय?"

मास्तरीणबाईंनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. हातातलं काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला आणि मगच त्या बोलल्या. "तुमचे कान दिसतात. खांदे दिसतात. तोंडाच्या जागी कोणी बोळा फिरवल्यासारखं होतं."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"आणि काजं?"

"काजं काय, बोटं करतात. त्यांना कुठे डोळे लागतात."

"दोन वर्षं मला बोलली नाहीस!"

"बोलून काय होणार होतं?" बाई म्हणाल्या. "अर्धा इंच नजर जास्तीची ठेवलीय का तुम्ही कुठे?"

एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेणाऱ्या माणसाला शेजारच्या खुर्चीतलं काही कळलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना इतकी लागली की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी थेंब घातले, यंत्रातून बघितलं आणि सांगितलं, "डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय. मधल्या जागीच. कडेचं दिसत राहील, पण मधला डाग वाढत जाईल. गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते किती टिकेल, हे मी छातीठोक सांगू शकत नाही."

मास्तर काहीबाही विचारत राहिले. ऑपरेशन, चष्मा, औषध. बाईंनी मात्र एकच गोष्ट विचारली. "डॉक्टर, मला नात आहे. ती चार वर्षांची होती तेव्हा मी तिचं तोंड नीट बघितलंय. त्यानंतर नाही. यंदा त्यांना इकडे यायला जमत नाही. मला तिचं तोंड एकदा बघायचंय. कसं बघू?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मोठं करून बघा. जितकं मोठं, तितका डाग त्या मानाने लहान पडेल. जवळ बसून, चांगल्या उजेडात. आणि फार दिवस थांबू नका."

दोघं घरी आली. दारात चपला काढता काढता मास्तर म्हणाले, "आतला पडदा गेला तर गेला. बाहेरचा मोठा आणू." बाईंना वाटलं खिडकीच्या पडद्याचं चाललंय. त्या म्हणाल्या, "आहे तो काय वाईट आहे?"

मास्तरांच्या घरात तोवर टीव्ही नव्हता. काम करताना रेडिओ पुरायचा. टीव्हीमुळे हात थांबतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या बाकी मतांप्रमाणे तेही त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. आता त्यांनी ते मत गुंडाळून ठेवलं. पैसे होते. त्याचं रडगाणं या गोष्टीत नाही. प्रश्न होता तो कुठला घ्यायचा, आणि बायकोच्या डोळ्यांना काय दिसेल हे आपल्या डोळ्यांनी कसं ठरवायचं.

यावर त्यांनी तोड काढली. बेतायच्या टेबलावरचा पांढरा खडू घेतला आणि आपल्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध रुपयाएवढा ठिपका घासला. चष्मा लावला. समोरचं कॅलेंडर गेलं, भिंत राहिली. बायको खिडकीखाली बसली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. अंबाडा दिसला, खांदे दिसले, मांडीवरचे हात दिसले. तोंड नव्हतं. मास्तर कितीतरी वेळ तसेच उभे होते.

"काय करताय?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. चष्मा पुसतोय."

टीव्हीचं दुकान मोठं होतं. आत गारवा, भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच चित्र: धबधबा, मग पोपट, मग चिरलेलं फळ, मग परत धबधबा. मास्तर खडू लावलेला चष्मा घालून एकेका टीव्हीसमोर उभे राहू लागले. तिथली विक्रेती चाळिशीची, पायात सपाट बूट, दिवसभर उभं राहून दमलेली. ती जवळ आली.

"काका, काय दाखवू?"

"माणूस दाखवा."

"कोण माणूस?"

"कुठलाही. तोंड दिसलं पाहिजे. पोपट घेऊन मी काय करू?"

तिने त्यांच्याकडे बघितलं आणि खिशातून मऊ फडकं काढलं. "चष्म्याला काहीतरी लागलंय तुमच्या. द्या, पुसून देते."

"राहू दे. मुद्दाम लावलंय." आणि मग, परक्या बाईला सांगायचं काही कारण नसताना, मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. दात सांगितले, डॉक्टर सांगितले, खडू सांगितला. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, तेव्हा त्यांनी खोकल्याचं नाटक केलं.

विक्रेतीने फडकं खिशात ठेवलं. तिने आपला फोन काढला, काहीतरी दाबलं, फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला, आणि धबधबा जाऊन पहिल्या टीव्हीवर तिचंच तोंड आलं, दमलेलं, भिंतीएवढं.

"बघा. ह्यात मी कशी दिसते?"

मास्तर वाकून बघू लागले. "ह्यात तुम्हाला ताप आलाय."

ती पुढच्या टीव्हीकडे गेली. "आणि ह्यात?"

"ह्यात तोंडाला रंग फासून नाटकात उभ्या राहिल्यासारख्या दिसता."

"ह्यात?"

"हा आरशासारखा चकचकीत आहे. आमच्याकडे समोर खिडकी आहे. हिला नात दिसायच्या ऐवजी खिडकीच दिसेल."

असं करत त्यांनी अर्धं दुकान पालथं घातलं. कापडाचा रंग दुकानातल्या दिव्याखाली बघू नये, दारात नेऊन बघावा, हा मास्तरांचा नियम. त्यांनी एक टीव्ही दारात आणायलाही सांगितलं. ते काही जमण्यासारखं नव्हतं. विक्रेतीने मग वरचे दिवे तेवढे बंद करवले आणि बाकीची गिऱ्हाइकं वर बघू लागली. एका टीव्हीसमोर मास्तर थांबले. त्याचा पडदा जरा मंद होता. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यात दिसत होती, कपाळावरचा बारीक व्रण दिसत होता.

"ह्यात तुम्ही तुमच्यासारख्या दिसता," ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र त्यांना सारखी छळत होती. चष्म्यावर ठिपका असूनही डोळा गुपचूप ठिपक्याच्या कडेने बघायचा. मान जरा उचलून नजर वर कोपऱ्यात गेली की खालचं तोंड लगेच दिसायचं. मास्तर स्वतःवर चिडायचे आणि नजर ओढून मध्ये आणायचे. बायकोला कुठे अशी लबाडी करता येते? लबाडी करून घेतलेलं माप काय कामाचं?

"ह्यात मोठा घ्या," विक्रेती म्हणाली. "पासष्ट. मावशींसाठी जेवढा मोठा तेवढं बरं."

"भिंत अठ्ठावन्न इंच आहे. पासष्ट काय दारात लोंबकळत ठेवू? पंचावन्न द्या. दीड इंच इकडे, दीड इंच तिकडे."

"अहो काका, ते माप तसं नसतं, ते—"

"बाई," मास्तर म्हणाले, "बाकी काहीही सांगा. मापाचं मला सांगू नका. एक्केचाळीस वर्षं टेप गळ्यात आहे."

तिने दोनदा तोंड उघडलं. मग तिने हात टेकले आणि पंचावन्नची पावती केली.

टीव्ही लागायचा म्हणजे आरसा निघायचा. दुसरी भिंतच नव्हती. मास्तरांनी स्क्रू काढले आणि दोघांनी मिळून आरसा उतरवला. त्या आरशासमोर अख्खी गल्ली लहानाची मोठी झाली होती. पहिल्या नोकरीचा शर्ट तिथे घालून बघितला गेला होता, आणि मुलीने सासरी जाताना नेलेला कोटही. बेतायच्या टेबलाखाली आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला, तेव्हा बाई म्हणाल्या, "असू दे. मला तर त्यात नुसता अंबाडाच दिसायचा." त्या हे इतक्या सहज बोलल्या की मास्तरांना स्क्रू मोजायचं निमित्त काढून पाठ फिरवावी लागली.

शनिवारी टीव्ही बसवणारा आला. भोकं पाडली, टीव्ही टांगला, फोनमधलं चित्र टीव्हीवर कसं आणायचं ते दाखवलं, तिकडच्या माणसाला फोन आडवा धरायला सांगा, म्हणजे चित्र भिंतभर येईल, हेही बजावलं, आणि निघून गेला. मास्तर मागे सरकून बघू लागले. काहीतरी चुकत होतं. दोन्ही बाजूंना भिंत दिसत होती, दीड इंचापेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी गळ्यातला टेप काढून लावला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा टेप लावला, मग तिसऱ्यांदा. टीव्ही साडेअठ्ठेचाळीस भरत होता.

त्यांनी ताबडतोब दुकानात फोन लावला आणि आवाज चढवला. पलीकडे तीच विक्रेती होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, टीव्ही रुंदीत मोजत नाहीत. ह्या कोपऱ्यापासून त्या वरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. मी सांगत होते तुम्हाला. पासष्टचा रुंदीला सत्तावन्न भरतो."

सत्तावन्न. भिंत अठ्ठावन्न. अर्धा इंच इकडे, अर्धा इंच तिकडे.

"बदलून—"

"भिंतीवर लागल्यावर बदलून देत नाहीत, काका. मी विचारून बघते, पण नाहीच देणार."

मास्तरांनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. दुसरं कुठलंही माप चुकलं असतं तर त्यांनी उसवून परत शिवलं असतं. इथे उसवायला काही नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, जितकं मोठं तितकं बरं. त्यातले दहा इंच त्यांनी आपल्या हाताने, आपल्या घमेंडीपायी घालवले होते. बायकोने काय झालं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फसलो. लहान आला." कोपऱ्याचं त्यांनी सांगितलं नाही. लाज वाटली.

रविवारी दुपारी बाईंची खुर्ची टीव्हीसमोर हातभर अंतरावर ठेवली. बाई केस विंचरून, धुतलेली साडी नेसून बसल्या. मुलीने फोन आडवा धरला, आणि भिंतीवर नातीचं तोंड आलं. मास्तरांना तिची एकेक पापणी दिसत होती.

"आजीऽऽ! मी मोठी दिसते?"

"दिसतेस की," बाई म्हणाल्या. "किती छान दिसतेस."

मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते. तिने पदर बोटाला गुंडाळला होता आणि ती सरळ समोर बघत होती, फोटो काढून घेताना कॅमेऱ्याकडे बघावं तशी. त्यांना कळलं.

"खोटं बोलू नकोस," ते म्हणाले.

"मधलं जातंय," त्या हळूच म्हणाल्या. "केस दिसतात. मागची भिंत दिसते. मोठं झालं ते सगळं धुरकटच मोठं झालं हो."

तिकडे मुलगी "काय झालं आई?" विचारत होती. मास्तर उठले आणि टेबलावर मूठ आपटली. "पासष्टचा असता तर दिसलं असतं! माझ्यामुळे गेलं! पासष्टचा मावत होता, माझ्या अकलेने—"

"पुरे!" बाई ओरडल्या. "कालपासून लहान आला, लहान आला, आणि आता पासष्ट पासष्ट लावलंय. हा पंचावन्नचा आहे ना? मग कुठून कुठे पंचावन्न आहे ते तरी दाखवा मला. द्या तो टेप."

त्यांनी मास्तरांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. उठल्या. टीव्हीची कड चाचपत रुंदीला टेप धरला आणि बोटांनी आकडा मोजला. टेपवर दर पाच इंचांना दोऱ्याच्या बारीक गाठी होत्या. त्या त्यांनी कधी घातल्या होत्या हे मास्तरांनी विचारलंही नव्हतं. "साडेअठ्ठेचाळीस. बरोबर. मग पंचावन्न कुठेत?"

मास्तरांनी मान खाली घातली. "खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत."

बाई थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर, किती दिवसांनी, हसू आलं. "म्हणजे उरेब? अहो, टीव्ही उरेब मोजतात होय! आणि एवढे मोठे मास्तर सरळ मोजून आले?"

शिंप्याचं कापड सरळ धाग्यात धरलं तर ताणत नाही. तेच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं धरलं की ताणतं, वळतं, गळ्याच्या गोलाईत सुरकुती न पडता बसतं. त्या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात. बाईंनी एक्केचाळीस वर्षं गळ्यांना उरेब पट्ट्या लावल्या होत्या. पंचावन्न नक्की भरतात का बघायला त्यांनी टेपचं टोक खालच्या कोपऱ्यात मास्तरांना धरायला लावलं आणि दुसरा हात वर, पलीकडच्या कोपऱ्याकडे नेला. हाताबरोबर त्यांची नजरही वर कोपऱ्यात गेली.

आणि त्या तशाच थांबल्या.

"आजी काय करतेय?" पडद्यावरून नातीने विचारलं.

"गप. हलू नकोस," आजी म्हणाली. नजर वर कोपऱ्यातच. आवाज एकदम बारीक. "अहो... खाली तोंड दिसतंय."

मास्तरांच्या हातून टेपचं टोक सुटलं.

"सरळ बघितलं की जातंय. कोपऱ्यात बघितलं की येतंय." बाईंनी एकदा नजर खाली आणली, परत वर नेली, शिवण पक्की आहे का बघावं तशी दोन-तीनदा खात्री केली. "कपाळ रुंद झालंय हिचं. भुवई तुमची, जाड. नाकावर काय लागलंय गं तुझ्या, शाई?"

"स्केचपेन!" नात ओरडली.

"हस. दात दाखव."

नातीने ईऽऽ केलं. आजी टीव्हीच्या कोपऱ्याकडे, जिथे भिंतीच्या रंगाशिवाय काही नव्हतं, तिकडे बघत राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. "एक आलाय," ती म्हणाली. "अर्धा. आणि जरा वाकडा येतोय. तुझ्या आईचाही असाच आला होता."

तिकडे मुलीने तोंडावर हात धरला होता. आईला दिसत नव्हतं हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि आता दिसतंय हेही त्याच क्षणी. पुढचा तासभर त्या घरात काय चाललं होतं ते कुणाला नीट सांगता आलं नसतं. नातीला आडवं, उभं, बाजूने, मागून, सगळीकडून बघून झालं. शेवटी ती कंटाळली आणि खेळायला निघून गेली, तरी आजी रिकाम्या खोलीतल्या तिच्या पलंगाकडे तिरकी बघत बसली होती.

कॉल संपला. मास्तर टेप गुंडाळत होते. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचं आता कारण उरलं नव्हतं, तरी सवयीने ते लपवत होते. खडू लावलेला चष्मा त्यांना आठवला. दुकानात आपल्या डोळ्याने जे करून बघितलं होतं, त्याला आपण लबाडी म्हणालो होतो.

"अहो," बाई म्हणाल्या. "जरा इकडे या. खिडकीच्या उजेडात."

मास्तर आले.

बाईंनी आपलं तोंड त्यांच्या तोंडाजवळ आणलं आणि नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर लावली. कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, या बाईचं नवऱ्याकडे लक्षच नाही. मग त्यांनी हाताने त्यांची कॉलर चाचपली. ती गळ्यापासून सुटून उभी राहिली होती, आत चार बोटं जातील एवढी.

"किती वाळलात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही."

"वय झालं."

"जन्मभर वाढायला अर्धा इंच ठेवत आलात लोकांना. आणि स्वतः दोन इंच आटलात. सगळे शर्ट आत घ्यावे लागतील." त्यांनी टेप परत मागून घेतला. "सरळ उभे राहा. श्वास सोडा."

मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. निदान माप चुकलं होतं, हे तरी एकदा कबूल करायचं होतं.

"हलू नका," बाई चौकटीच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या. "दोन वर्षांनी दिसताय."

मास्तर हलले नाहीत.